टिंबकाका

जिमच्या प्रवेश अर्जावर सही करायला त्यांनी चार दिवस घेतले. अर्ज घरी घेऊन गेले आणि परत आणला तेव्हा त्यावर गोवर आल्यासारख्या लाल खुणा होत्या.

संदेश हा जिमचा मालक. शाळेत माझ्या वर्गात होता, म्हणून जिमचं इन्स्टाग्राम पेज मी सांभाळायचे आणि त्या दिवशी काउंटरपाशीच उभी होते.

"काका, सही राहिली," संदेश म्हणाला.

"सही नंतर. आधी हे दुरुस्त करून नवीन छाप. अर्जदाराला हृदयविकार आहे का, असं विचारलंयस. चांगलं विचारलंयस. पण हृदय असं लिहितात? ह-ला र जोडून? ज्याला हृदय लिहिता येत नाही, त्याच्याकडे मी छाती करायला येऊ?"

संदेशने नवीन अर्ज छापला. दुसरा इलाज नव्हता, कारण ते जायलाच तयार नव्हते. काउंटर ते दरवाजा, दरवाजा ते काउंटर अशा फेऱ्या मारत राहिले. एका जागी स्थिर उभं राहिलेलं मी त्यांना फक्त वजनाच्या रॉडसमोर पाहिलं, आणि तेही फार तर दहा सेकंद.

आमचं जिम मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात. खालच्या मजल्यावर पुठ्ठ्याची खोकी बनवतात. त्यामुळे आमच्याकडे घामाच्या जोडीला खळीचाही वास असतो. बाकीचे लोक दोन सेट्सच्या मधल्या वेळात फोन काढून बसतात. हे चालायचे. आणि चालताना भिंतीवरचं सगळं वाचायचे. 'महीलांसाठी राखीव वेळ' यातला दीर्घ 'ही' त्यांनी पहिल्याच आठवड्यात ह्रस्व केला. 'वापरून झाल्यावर डंबेल्स जाग्यावर ठेवा' यातलं 'जाग्यावर' खोडून 'जागेवर' केलं. प्रोटीनच्या डब्यांच्या जाहिरातीत अनुस्वार राहिले होते, तर स्टुलावर चढून ते एकेक करून भरले. जिमला येणारा विकी म्हणाला, "हे बघा, काका टिंबं मारतायत." तेव्हापासून ते टिंबकाका. तोंडावर काका, पाठीमागे टिंबकाका. त्यांना ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

वय अठ्ठावन्न-साठ. बारीक, उंच, चष्मा. अंगावर बाह्या कापलेला जुना फुलशर्ट. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितशोधन केलं होतं. छापखाना बंद पडल्यावर प्रुफं घरी यायला लागली. शाळेच्या स्वाध्यायपुस्तिका, लग्नपत्रिका, गणेशोत्सव मंडळांचे अहवाल. बसून बसून पाठ गेली, डॉक्टरने व्यायाम सांगितला, आणि या माणसाने व्यायाम म्हणून डेडलिफ्ट निवडला. जमिनीवर पडलेला रॉड दोन्ही हातांनी धरायचा आणि सरळ उभं राहायचं, बस्स. "यात लबाडी करता येत नाही," ते म्हणायचे. "उचललं तर उचललं. नाहीतर तिथंच आहे." दीडशे किलोच्या वर उचलायचे. त्यांच्या निम्म्या वयाची पोरं तोंडात बोट घालायची.

कमरेला चामड्याचा पट्टा मात्र लावायचे नाहीत. काकूंच्या जुन्या सुती साडीची लांब पट्टी फाडून घेतली होती, ती गुंडाळायचे. गुंडाळायचे म्हणजे काय, तर एक टोक कुणीतरी ताणून धरायचं आणि दुसरं टोक कमरेशी दाबून हे स्वतःभोवती गिरक्या घेत घेत त्या माणसापर्यंत यायचे. पहिल्यांदा पाहणारा हसायचाच. टोक धरायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे असायचं. "घट्ट धर गं. सैल सोडलंस तर माझी पाठ जाईल." एकदा मला म्हणाले, "याचा फोटो काढ. घरी दाखवतो. बायको म्हणते, माझ्या साडीचं केलंत काय." मी काढला. गिरकीच्या मध्यावर, डोळे मिटलेले, पट्टी हवेत ताणलेली. छान आला होता फोटो.

हे सगळं वाचून ते गोड म्हातारे होते असं वाटेल. तसं नव्हतं. पुष्कळदा त्यांचा राग यायचा. मी पेजवर टाकलेल्या पहिल्याच पोस्टखाली त्यांनी सात चुका काढल्या. इन्स्टाग्राम त्यांच्याकडे नव्हतं, म्हणून संदेशच्या फोनवर पोस्ट वाचली आणि जिमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर क्रमांक घालून यादी दिली. सगळ्यांदेखत. खाली ओळ: 'पदवीधर आहात ना?' मी त्या दिवशी जिमला गेले नाही.

विकीचं तर त्याहून वाईट झालं. त्याचे वडील वारले तेव्हा त्याने ग्रुपवर दोन ओळी टाकल्या. सकाळी सहा वाजता, हॉस्पिटलमधून. त्यात 'दुखःद' असं लिहिलं होतं. पहिलं उत्तर काकांचं आलं: 'दुःखद. विसर्ग दु-नंतर, ख-नंतर नव्हे.' त्याच्या खाली बाकीच्यांची श्रद्धांजली. काकांनी दुपारी 'भावपूर्ण आदरांजली' असंही लिहिलं, अगदी निर्दोष. पण ते कोण वाचतंय? विकी परत यायला लागला तेव्हा त्यांच्याशी बोलायचा, हसायचाही, पण त्यांच्या पट्टीचं टोक त्याने पुन्हा कधी धरलं नाही.

तर अशी तयारी होऊन बसली होती. आम्ही सगळे त्यांच्या एका चुकीची वाट बघत होतो आणि ते आम्हालाही कळलेलं नव्हतं.

ती चूक एका मंगळवारी सकाळी आली. मुलुंडला पॉवरलिफ्टिंगची स्पर्धा होती. काका ज्येष्ठांच्या गटात पहिल्यांदाच उतरणार होते आणि आमच्यातली तीन-चार नवीन पोरं तरुण गटात उतरणार होती. त्या पोरांसाठी काकांनी ग्रुपवर 'नवोदितांसाठी सूचना' टाकल्या. लांबलचक. तिसरी सूचना अशी होती:

'वजन उचलण्यापूर्वी कबर बांधा. कबर नीट बांधली नाही तर आयुष्यभर पस्तावाल. ज्यांना जमत नाही त्यांची कबर मी स्वतः बांधून देईन.'

कंबर लिहायचं होतं. टिंब राहिलं होतं. एकदा नव्हे, तीनदा!

मी ऑफिसला निघाले होते. रिक्षात बसल्या बसल्या एवढी हसले की रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. ग्रुप तर पेटलाच होता.

'काका, आरसीसी की मार्बल?'

'माझी शुक्रवारी घ्या ना, लेग डे आहे.'

'आयुष्यभर कसा पस्तावणार, कबर बांधल्यावर?'

संदेशने लिहिलं, 'मेंबरशिपमध्ये इन्क्लुडेड आहे, एक्स्ट्रा चार्ज नाही.' विकीने एकच ओळ टाकली: 'टिंब कं-वर, काका.' तिला सर्वांत जास्त बदाम मिळाले.

काकांनी विचारलं, 'काय झालं?' मग, 'हसण्यासारखं काय आहे?' मग थोड्या वेळाने, 'सूचना गांभीर्याने घ्याव्यात.' आम्हाला वाटलं, माणूस आता चूक कबूल करायला तयार नाही. मग आणखी चेव आला.

आणि मी काय केलं? ऑफिसला पोचायच्या आत त्या मेसेजचा स्क्रीनशॉट घेतला. त्याच्या शेजारी तो गिरकीचा फोटो लावला. वर लिहिलं, 'आमच्याकडे कबर बांधून मिळेल'. आणि जिमच्या पेजवर टाकलं. लाइक्स मिळतील म्हणून टाकलं हे खरं आहे. पण बोट बटणावर गेलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती सात चुकांची यादी होती, हेही खरं आहे.

दुपारपर्यंत पोस्ट घाटकोपर, मालाड, कुठकुठल्या जिमच्या पेजवर फिरली. कुणीतरी टी-शर्टचं डिझाइन केलं. कॉमेंट्समध्ये एकाने लिहिलं, 'अरे, हे तर आमच्या पुस्तकांची प्रुफं बघतात!' त्याखाली हसण्याची रांग. स्वाध्यायपुस्तिका छापणाऱ्या प्रकाशकाचा कुणी माणूस होता तो. ती कॉमेंट मी दोनदा वाचली. तरी पोस्ट काढली नाही. आकडा चढत होता ना.

संध्याकाळी काका जिमला आले. नेहमीच्या वेळी. पोरं एकमेकांना कोपरं मारत होती. काका चालत होते, पण भिंतीकडे बघत नव्हते. दोन-तीन फेऱ्या मारून माझ्याकडे आले आणि पट्टीचं टोक माझ्या हातात दिलं.

मी ताणून धरलं. ते गिरक्या घेत जवळ आले आणि अगदी समोर आल्यावर हळूच म्हणाले, "काय लिहिलंय मी?"

मला वाटलं, परीक्षा घेतायत. "काका, तुम्हाला माहितीये."

"सकाळपासून वीस वेळा वाचलं. हे पोरगं म्हणतं टिंब कं-वर. आहे की टिंब."

"नाहीये काका."

त्यांनी फोन काढला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मान पक्ष्यासारखी तिरकी केली. "हे काय. आहे."

"नाहीये, काका. खरंच."

"दुसऱ्या वाक्यात?"

"तिथंही नाही."

"आणि तिसऱ्या?"

मी मान हलवली. माझ्या हातातलं टोक केव्हा सैल पडलं ते कळलं नाही. पट्टी त्यांच्या पायांत आली. ती तशीच ओढत ते भिंतीपाशी गेले आणि प्रोटीनच्या जाहिरातीवर बोट ठेवलं. "इथे आहे?"

"आहे."

"इथे?"

"आहे."

"इथे?"

"नाही."

"मी स्वतः दिलेलं होतं इथे."

"कागद बदललाय काका. गेल्या महिन्यात. नवीन लावलाय."

ते त्या नवीन कागदाकडे बघत राहिले. रोज त्याच्यासमोरून जात होते. मग म्हणाले, "मी वाचत नव्हतो गं. मला पाठ होतं."

पट्टी गोळा करून काखेत मारली आणि वजनाला हात न लावता निघून गेले. मागून कुणीतरी म्हणालं, "काका, कबर?" आणि दोघं-तिघं हसले. त्यांना काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी त्याच जागी उभी राहून पोस्ट काढून टाकली. पण तोवर ती शंभर ठिकाणी गेली होती. माझ्या हातात फक्त माझी होती.

त्यानंतर काका यायचे बंद झाले. फोन उचलेनात. माझं कशात लक्ष लागेना. ऑफिसमध्ये दोन वाक्यांचा मजकूर लिहायला तास लागायचा. लिहायचं, खोडायचं, उठायचं, पाणी प्यायचं. चौथ्या दिवशी संदेशकडून अर्ज मागितला, त्यावरचा पत्ता बघितला आणि गेले. मरोळमध्येच, सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर होतं. दार काकूंनी उघडलं. ठेंगण्या, हातात झाडू.

"जिममधली काय गो तू? ये, ये. बघ तुझ्या काकांनी काय मांडल्यानी हा ता."

आत पाय ठेवायला जागा नव्हती. जमिनीवर, दिवाणावर, फ्रिजवर, सगळीकडे प्रुफं. गेल्या सहा-आठ महिन्यांची. काका भिंग घेऊन खिडकीपाशी उभे होते. वाचायचे, वहीत काहीतरी लिहायचे, कागद खाली टाकायचे आणि दुसरा घ्यायचे.

"चार दिस ह्याच चल्लाहा," काकू म्हणाल्या. "जेवक बसतत नि अर्ध्यावरसून उठतत. ईचारलंय तर म्हणतत, तू गप ऱ्हव."

मी वहीत डोकावले. राहिलेल्या टिंबांची यादी होती. पुस्तिकेचं नाव, पान, ओळ. तीन पानं भरली होती.

"पोरं हे वाचून शिकणार," काका म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही. "चौथीतली पोरं. 'आनद'. 'सुदर'. माझ्या हाताखालून गेलंय हे."

"काका, डोळे दाखवू या."

"डोळ्यांना काय झालंय? पेपरातलं बारीक अक्षर वाचतो मी. सवय वाईट लागली. बेपर्वाई."

"तू सांग गो," काकू म्हणाल्या. "तुझा ऐकतीत. माझा कोण ऐकता?"

तासभर वाद घातला तेव्हा कुठे ते उठले. तेही माझ्यामुळे नव्हे. मी कंटाळून शेवटी म्हटलं, "मला काय, तुम्हाला डॉक्टरांसमोर जायची भीती वाटते." त्यावर त्यांनी शर्ट चढवला.

अंधेरीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांनी तक्त्यावरची सगळ्यांत खालची ओळ धडाधड वाचून दाखवली आणि माझ्याकडे विजयाने पाहिलं. पण डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांतला दाब मोजला, आत उजेड टाकून बघितलं आणि त्यांना आणखी एका तपासणीला पाठवलं. छोटी अंधारी खोली. पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारखं यंत्र. त्यात तोंड घालून मधल्या दिव्याकडे एकटक बघायचं. आजूबाजूला कुठेतरी प्रकाशाचा बारीक ठिपका चमकतो. तो दिसला की हातातलं बटण दाबायचं. मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसू दिलं.

टक, टक, टक, टक. काका भराभर दाबत होते. मला बरं वाटायला लागलं.

दोन मिनिटांत तिथल्या मुलीने यंत्र थांबवलं. "आजोबा, दिसल्यावरच दाबा. तुम्ही ठिपका नसतानाही दाबताय."

"आत्ता तिथे यायला हवा होता."

"कोण?"

"ठिपका."

"तुम्ही अंदाज नका ना लावू. दिसला तर दाबा. नाही दिसला तर नका दाबू. चुकलं तरी चालेल."

"चुकलं तर चालत नाही, मुली," ते म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

पुन्हा सुरू झालं. टक. मग काही नाही. टक, टक. मग बराच वेळ काही नाही. यंत्राचा बारीक आवाज येत होता, म्हणजे ठिपके चमकत होते. मी मनातल्या मनात म्हणत होते, दाबा काका, दाबा. ते दाबत नव्हते. आयुष्यभर जो माणूस एका जागी उभा राहिला नव्हता, तो हनुवटी टेकवून दगडासारखा बसला होता. डाव्या डोळ्याच्या वेळी तर इतकी शांतता झाली की मला वाटलं यंत्र बंद पडलं.

काचबिंदू होता. मधली नजर शाबूत होती, म्हणून त्यांना कळलं नव्हतं. वरचा भाग आणि डावीकडचा भाग गेला होता. "न दिसणारी जागा मेंदू आपल्या मनाने भरून काढतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं सांभाळायचं. थेंब रोज घालायचे, चुकवायचे नाहीत. आणि श्वास कोंडून जड वजन उचलणं बंद. त्याने दाब वाढतो."

"स्पर्धा दोन आठवड्यांवर आहे."

"बंद म्हणजे बंद, काका."

बाहेर आल्यावर त्यांनी हातातलं माहितीपत्रक उघडलं. जिन्यातच थांबून वाचलं. मग म्हणाले, "काचबिंदूतला दू ह्रस्व छापलाय यांनी." आणि थोडं थांबून, "उकार दिसतात. खालचं दिसतंय अजून."

मी थेंबांची चिठ्ठी घेऊन पुढे औषधाच्या दुकानाकडे निघाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढच्या आठवड्यात त्यांनी प्रुफं देणाऱ्या सगळ्यांना फोन केले. स्वाध्यायपुस्तिकांच्या प्रकाशकाने काम आधीच थांबवलं होतं, तरी त्यालाही केला, आणि वहीतली तीन पानं वाचून दाखवली. मंडळाच्या कार्यकर्त्याने म्हटलं, "जाऊ द्या हो काका, अहवाल कोण वाचतंय." तर त्याच्यावरच ओरडले. एका लग्नपत्रिकेत नवरीच्या गावाच्या नावावरचं टिंब राहिलं होतं. त्या घरी स्वतः गेले. पोरीला आता तान्हं मूल होतं. तिला हे गृहस्थ कशाची माफी मागतायत तेच समजेना. चहा पाजून परत पाठवलं.

मग एके दिवशी जिमला आले. व्यायामाला नव्हे. थेट विकीपाशी गेले. तो बेंच पुसत होता.

"तुझे वडील गेले तेव्हा मी विसर्ग दुरुस्त केला होता," काका म्हणाले.

"सोडा ना यार काका. जुनी गोष्ट झाली."

"मी तुला भेटायला यायला हवं होतं. आलो नाही. चुकलं माझं."

विकी पुसलेलाच बेंच पुन्हा पुसत राहिला. काका गेल्यावर मला म्हणाला, "त्या पोस्टमुळे टिंबकाकांचं काम गेलं म्हणतात. खरं का गं?" मी म्हटलं, "हो." "वाट लागली यार," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

रविवारी मी काकांच्या घरी जाऊ लागले. एका म्हाताऱ्या लेखकाच्या आठवणींची प्रुफं तेवढी उरली होती. त्या लेखकाने डोळ्यांचं ऐकूनही काम काढून घेतलं नव्हतं. मी मोठ्याने वाचायचे, प्रत्येक अनुस्वार सांगत. काका खोलीत येरझाऱ्या घालत ऐकायचे. काकू थेंब घालायला हाक मारायच्या, तर चालता चालताच मान वर करायचे. काकू वैतागायच्या. "उभे ऱ्हवा हो! डोळ्यात घालूचा काय नाकात?"

तिसऱ्या की चौथ्या रविवारी ते काकूंना म्हणाले, "या पोरीमुळे उरलेलं तरी वाचलं." काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्या ताटात आणखी एक घावणं वाढलं.

मी ताट बाजूला सरकवलं.

"काका, ती पोस्ट मी टाकली होती."

"कुठली पोस्ट?"

"कबरेची. तुमच्या फोटोची. संदेशने नाही, विकीने नाही. मी."

ते चालायचे थांबले. काकू एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या.

"तो फोटो? पट्टीचा?"

"हो."

"तो मी हिला दाखवायला काढून घेतला होता."

"हो, काका."

ते खिडकीपर्यंत गेले. परत आले. पुन्हा गेले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. दिवाणावरचे प्रुफांचे कागद त्यांनी गोळा केले, ठोकून कडा सारख्या केल्या आणि म्हणाले, "तू जा आता."

मी गेले. पुढच्या रविवारी फोन केला, तो काकूंनी उचलला. "नको येव गो इतक्यात," एवढंच म्हणाल्या. त्या इतक्यातचे सहा महिने झाले. पेज मी सोडून दिलं. संदेशने दुसऱ्या कुणाला तरी दिलं. मुलुंडची स्पर्धा होऊन गेली, आमच्या एका पोराला कांस्य मिळालं. तो कबरेचा टी-शर्ट मात्र अजून कुठे ना कुठे दिसतो. दिसला की मी रस्ता बदलते.

काका आता चालतात, असं कळलं. वजन बंद झाल्यापासून सकाळ-संध्याकाळ चालतात. मरोळ नाका, मिलिटरी रोड, कधी पार साकीनाक्यापर्यंत. ज्याला त्याला दिसतात. मला दिसत नव्हते.

गेल्या महिन्यात दिसले. ऑफिस सुटल्यावर मी मरोळच्या मासळीबाजाराजवळून येत होते. समोरून काका. तोच शर्ट, तीच ढांगा टाकत चाल. मी थांबले. ते माझ्यापासून हातभर अंतरावरून गेले आणि त्यांनी बघितलं नाही. मी वळले आणि त्यांच्याबरोबर चालायला लागले. बोलायचं धाडस होईना. त्यांनी मान वळवली नाही. मला पाहून न पाहिल्यासारखं करतायत, की मी खरंच दिसत नाहीये? दोन गल्ल्या गेल्या. एका दुकानाच्या काचेत आम्ही दोघं दिसलो तेव्हा लक्षात आलं, मी त्यांच्या डावीकडे होते.

मी मागून फिरून उजव्या बाजूला गेले.

ते थांबले. चष्म्यातून नीट बघितलं. मी घामाघूम झाले होते. दोन गल्ल्या त्यांच्या वेगाने चालणं सोपं नाही.

"कुठून चालतेयस?"

"मासळीबाजारापासून."

"आणि इतका वेळ त्या बाजूला काय करत होतीस? तिकडचं मला दिसत नाही, माहितीये ना तुला?"

"हो."

"मग?"

ते पुन्हा चालायला लागले. मी तशीच उभी राहिले. दहा-बारा पावलं पुढे जाऊन ते मागे वळले.

"येतेयस की नाही?"

मी पळत जाऊन त्यांना गाठलं. नाक्यापाशी आल्यावर त्यांनी माझ्या कोपराला धरून मला आपल्या पुढून दुसऱ्या बाजूला घेतलं.

"आता डावीकडे राहा," ते म्हणाले. "रिक्षा तिकडून येतात."